नालबंद टोबायसचं दुसरं गाणं

टोबायस वेंगर्डविषयी मला फारसं काही माहीत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याची फसगत होणार नाही. त्याची थोरली मुलगी सलोमी नातेवाइकांसाठी त्याच्या आठवणी गोळा करते आहे. तिने मला गाठलं आणि म्हणाली, तुम्ही जन्मभर बाबांच्या शेजारी बसलात, तुम्हालाच सगळ्यांत जास्त ठाऊक असणार. मला नाही म्हणता आलं नाही. मी आयुष्यात लिहिलं ते पत्रांपुरतं, आणि पत्रंसुद्धा बायकोच लिहायची, मी खाली नाव घालायचो.

शेजारी बसलो हे खरं. आमच्या पंथात प्रार्थनेला पुरुष वयाप्रमाणे बसतात. टोबायस माझ्याहून काही दिवसांनी मोठा. त्यामुळे वयात येऊन बाप्तिस्मा घेतल्यापासून एक रविवार आड, ज्याच्या घरी पाळी असेल तिथे, कधी बैठकीच्या खोलीत, कधी कोठारात, बिनपाठीच्या बाकावर त्याच्या डाव्या हाताला मी. दर वेळी तीन तास. इतकं शेजारी बसून माणूस कळायला हवा. पण प्रार्थनेत बोलायचं नसतं, आणि बाहेर आल्यावर मी मुळातच कमी बोलणारा. त्याची पाठ दुखते आहे की बरी आहे एवढं मला कळायचं, कारण तो बसताना कण्हायचा. त्याच्या मनातलं मला एकदाच कळलं, तेही फार उशिरा.

तो घोड्यांना नाल ठोकायचा. आमच्या दोन टेकड्यांमधल्या सगळ्या बग्ग्यांचे घोडे आणि नांगराचे थोराड घोडे त्याच्याच हाताखालून जायचे. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस, दिवसभर वाकून वाकून सरळ उभा राहिला तरी वाकल्यासारखाच दिसायचा. तो म्हणायचा, सहा दिवस घोड्यांची मागची बाजू बघतो, त्यामुळे रविवारी माणसांची तोंडं बघून बरं वाटतं. मग थोडं थांबून म्हणायचा, सगळ्यांची नाही.

आणि त्याला आवाज होता. सलोमीची काही भावंडं आणि भाचरं दूर मोंटानात जाऊन राहिली आहेत, तिकडची पद्धत वेगळी असेल, म्हणून थोडं सांगतो. आमच्या प्रार्थनेत वाद्य नाही. पुस्तकात नुसते शब्द आहेत, जुन्या जर्मनमधले. चाल कुठेच लिहिलेली नाही, ती एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या कानात गेलेली. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर एकट्या माणसाने उचलायचं, ते घोळवत, वळवत वर न्यायचं, आणि मग सगळ्यांनी त्याच्यामागून जायचं. दुसरं गाणं नेहमी एकच असतं, देवाच्या स्तुतीचं. ते इतकं संथ असतं की दारातला कुत्रा एक झोप काढून उठतो.

हे गाणं उचलणारा कुणी नेमलेला नसतो. एक जण शेजाऱ्याला कोपर लावतो, तू घे म्हणतो. शेजारी मान हलवतो, नको, तू घे. पहिल्यांदा नाही म्हणायचंच असतं, लगेच घेणारा मिरवतो असं दिसतं. दुसऱ्यांदा कोपर लागलं की घ्यायचं. आपणहून सुरू करायचं तर कुणाच्या मनातही येत नाही. आणि ज्याला स्वतःला गाता येतं त्यानेच दुसऱ्याला कोपर लावायचं. मला सूर नाही, त्यामुळे माझी कोपरं जन्मभर माझ्याच मांड्यांवर राहिली.

टोबायसच्या उजव्या हाताला मॅलन निसली बसायचा. तोही चांगला गायचा. पहिलं गाणं बऱ्याचदा मॅलन घ्यायचा, पण दुसऱ्याची वेळ आली की त्याचं कोपर टोबायसकडे जायचं. टोबायस एकदा मान हलवायचा, मॅलन पुन्हा ढोसायचा, आणि मग माझ्या उजव्या कानाशी ते पहिलं अक्षर सुरू व्हायचं. मला त्याचं वर्णन करता येणार नाही. एवढंच सांगतो, की त्या वेळी लहान मुलं रडायची थांबायची. आईबापांना वाटायचं मुलांना भक्ती कळते. मला वाटतं त्यांना टोबायस कळायचा.

आता त्याच्या भट्टीवरच्या गाण्यांविषयी, ज्यांच्यामुळे सगळं झालं.

घोडा बुजरा असला की टोबायस त्याच्या खुरापाशी वाकून तीच संथ चाल धरायचा. घोडा हळूहळू मान खाली सोडायचा, पाय सैल करायचा. एका ओळीत एक नाल, असा त्याचा हिशोब होता. पण शब्द प्रार्थनेतले नसायचे. ते त्याने स्वतः रचलेले असायचे, आमच्या घरच्या बोलीत. मी एकदा त्याला विचारलं होतं, शब्द का बदलतोस. तो म्हणाला, देवाच्या स्तुतीचे शब्द घोड्याच्या पोटाखाली, शेणात उभं राहून कसे म्हणायचे? घोड्याने मध्येच शेपूट वर केलं तर? म्हणून तो तिथे दुसरे शब्द घालायचा. त्याच्या लेखी तो आदरच होता.

शब्द असे असायचे:

लोणचं सगळं पहिल्या पंगतीत म्हाताऱ्यांच्या ताटाला,
देठ तेवढे उरले बाबा आम्हा पोरांच्या वाट्याला.

प्रार्थनेनंतरच्या जेवणात पंगतीही वयाप्रमाणेच बसतात, हे ज्याला माहीत आहे त्याला हसू येईल. आणखी एक होतं:

बिशप सांगतो, बिशप सांगतो, घोडा दारी पेंगतो,
‘शेवटचं आता एकच’ म्हणतो, आणि पुन्हा सांगतो.

आणि टोपीच्या कडेचं, ज्यावरून आमच्याकडे तेव्हा सहा महिने खल चालला होता:

टोपीची कड चार बोटं, ही स्वर्गाची वाट,
साडेतीनवर कापली ज्याने, त्याची लागली वाट.

हे नुसतं वाचून काही कळत नाही. ‘लोणचं’ हा शब्द त्या चालीत, डोळे मिटून, गंभीर चेहऱ्याने, पुढचा अख्खा खूर तासून होईपर्यंत लांबवलेला ऐकायला हवा. लोक घोड्याचा नाल शाबूत असतानाही घोडा घेऊन यायचे. क्रिस्ट गिंगरिच तेव्हा आमचे बिशप होते. त्यांनी स्वतःच्या घोड्याचं कडवं स्वतः उभं राहून ऐकलं होतं. ऐकून म्हणाले, घोडा पेंगतो हे खोटं आहे, तो विचार करतो. टोबायस म्हणाला, “मग तुमच्या प्रवचनाचा त्याच्यावर परिणाम होतोय, बिशप. आमच्यावर कधी होणार कुणास ठाऊक.” क्रिस्टनी टोपी डोळ्यांवर ओढली, पण त्यांचे खांदे हलत होते.

महामार्गावरच्या गावात एक इंग्लिश माणूस राहायचा. बाहेरच्यांना आम्ही इंग्लिशच म्हणतो, मग ते कुठलेही असोत. डग त्याचं नाव, हौसेने घोडे पाळायचा. माणूस वाईट नव्हता. त्याची एक घोडी फार लाथाळ होती, आणि ती टोबायसच्या चालीने शांत व्हायची. एकदा तो टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि म्हणाला, घरी घोडीला ऐकवायला थोडं घेऊ का. टोबायसने हसून म्हटलं, घोडीसाठी असेल तर माझी हरकत नाही. यंत्रात आवाज भरू देणं आमच्या नियमात बसत नाही. ते त्याला ठाऊक होतं. नंतर त्याने ते कधी नाकारलंही नाही.

डगच्या ओळखीतल्या कुणीतरी ते ऐकलं. पुढच्या उन्हाळ्यात महामार्गावर पर्यटकांसाठी जे गाण्यांचं विनोदी नाटक उभं राहिलं, त्यात तीन जण खोट्या दाढ्या लावून आणि एक जण बाईची टोपी घालून आमच्या चालीत, इंग्रजीतून, लोणच्याचं आणि बिशपच्या घोड्याचं गाणं म्हणायचे. आम्हाला कळलं ते आमच्याच पोरांकडून. बाप्तिस्मा न झालेली, म्हणजे अजून नियमांत न बांधलेली काही मुलं तिकिटं काढून बघून आली आणि दूध काढताना तेच गाऊ लागली.

त्या दिवसांत एका शनिवारी दुपारी मी दुधाच्या यंत्राचा एक भाग आणायला गावात चाललो होतो. टोबायस रस्त्यात उभा होता, म्हणाला, मीही येतो. काम झाल्यावर परत फिरताना त्या नाटकघराच्या मागे, जिथे पत्र्याची भिंत आहे, तिथे त्याने मला बग्गी थांबवायला लावली. आत खेळ चालू होता. टोबायस उतरून भिंतीजवळ गेला आणि मान खाली घालून ऐकत राहिला. मला आत जोरजोरात हसणारे लोक तेवढे ऐकू येत होते. गाणं संपल्यावर तो येऊन बसला. पहिली चढण लागली.

मग म्हणाला, “घाईत म्हणतात रे.”

मी म्हटलं, लोक फार हसत होते.

“लोक हसणारच. दाढ्या लावल्यात, पैसे घेतलेत. पण लोणचं असं उरकायचं? मला नुसतं ‘लो’ म्हणायला पुढचा खूर पुरत नाही. यांनी त्याला दुडकी चाल लावली.”

मी हसलो. तोही हसला असेल, मी पाहिलं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, की आपल्या भट्टीवर क्रिस्टच्या घोड्याचं गाणं होतं तेव्हा क्रिस्टचा घोडा तिथे उभा असतो. आत बसलेल्यांतला एकही त्या घोड्याला ओळखत नाही. 

क्रिस्ट बिशप त्याच्याकडे घोडा घेऊनच आले, नुसते आले नाहीत. मी तिथेच होतो, माझ्या खेचराचे खूर वाढले होते. मी निघू लागलो तर क्रिस्ट म्हणाले, थांब, तुझ्यापासून लपवण्यासारखं काही नाही. घोडा बांधून झाला, नाल उपटून झाला, तरी ते विषयाला हात घालेनात. शेवटी म्हणाले, “टोबायस, माझ्या घोड्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आपल्या आपल्यात काय हसायचं ते हसलो. पण ती चाल दुसऱ्या गाण्याची आहे. आपले पूर्वज श्रद्धेपायी तुरुंगात पडले, तिथे ते गाणं म्हणत होते. आता ती बाहेर तिकिटावर विकली जाते.”

टोबायस कानस हातात धरून उभा होता. मला वाटलं आता तो शेणाचं आणि शेपटीचं कारण सांगेल. मी वाट बघत होतो. तो म्हणाला, “गुडघ्यावर येतो. कधी यायचं तेवढं सांगा.”

आमच्याकडे दोषाची कबुली द्यायची तर कारण सांगायचं नसतं. कारण सांगितलं की ती कबुली राहत नाही, वकिली होते. पुढच्या प्रार्थनेनंतर मुलांना बाहेर पाठवलं, टोबायस सगळ्यांपुढे गुडघे टेकून बसला आणि बिशपने विचारलं त्याला हो म्हणत गेला. यंत्रात आवाज भरू दिला, हो. पवित्र चालीची चेष्टा केली, हो. ती कडवी पुन्हा तोंडात आणणार नाही, हे वचन देतोस? त्याने प्रश्न पुरा व्हायच्या आधी हो म्हटलं. क्रिस्टनी त्याला हाताला धरून उठवलं, गालाचं चुंबन घेतलं, आणि विषय संपला.

संपला म्हणजे खरोखर संपला. माफ केलेली गोष्ट पुन्हा काढायची नाही. काढणाराच मग दोषी ठरतो. मला ही आमची रीत नेहमी फार चांगली वाटत आली आहे. अजूनही वाटते. त्याला पुन्हा कुणी एक शब्द बोललं नाही, टोमणा नाही, हसणं नाही. त्याला गायला कुणी मनाई केली नव्हती. क्रिस्टनी तर मुद्दाम सांगितलं होतं, की याचं सगळं पूर्वीसारखंच.

पंधरा दिवसांनी पुढची प्रार्थना होती. पहिलं गाणं झालं. मग दुसऱ्याचा क्रम आला आणि नेहमीची ती शांतता पसरली, ज्यात कोपरं हलतात. मी खाली बघत होतो. मॅलनचं कोपर मला दिसलं. ते हललं, आणि पलीकडे गेलं. पलीकडच्याने मान हलवली, मॅलनने पुन्हा ढोसलं, आणि गाणं तिकडून सुरू झालं.

मॅलनचा यात काही कपटीपणा नव्हता. काही महिन्यांनी दुधाच्या गाडीची वाट बघत उभे असताना त्याने आपणहून मला सांगितलं. त्याला वाटलं होतं, की लगेचच टोबायसला ढोसलं तर ते त्याची परीक्षा घेतल्यासारखं दिसेल. सगळ्यांच्या मनात लोणचं ताजं होतं. कुणी पोरगं फिसकन हसलं असतं तर? म्हणून त्याने ठरवलं, थोडे दिवस जाऊ देत. मग ते थोडे दिवस गेले. मग त्याला वाटू लागलं, की आता इतक्या दिवसांनी ढोसलं तर तो जुना विषय काढल्यासारखाच होईल. इतरांचंही तसंच झालं असावं. आणि टोबायसला तर विचारायचीच सोय नव्हती. गाणार का, असं विचारलं असतं तर का गात नाहीस हेही त्यात आलंच, आणि ते काढायचं नव्हतं. त्याने आपणहून घ्यायचं म्हटलं तर तो गर्व झाला असता.

असं करत वर्षं गेली. त्याच्या उजवीकडची कोपरं त्याला वळसा घालून जायला शिकली. तरुण मुलं गाणं उचलू लागली, ज्यांनी त्याला कधी ऐकलंही नव्हतं.

त्याची बायको सव्हिला एकदा आमच्याकडे वाटाणे सोलायला आली होती, तेव्हा माझ्या लॉविनाजवळ बोलली. म्हणाली, पूर्वी मला स्वयंपाकघरात बसून कळायचं कुणाचा घोडा आलाय ते, ज्याचं त्याचं कडवं ठरलेलं होतं. आता नुसती ऐरण ऐकू येते. तो आता घोड्यांशी ‘हं, हं’ एवढंच करतो. लॉविनाने विचारलं, मग तू का नाही बोलत त्याच्याशी? सव्हिला म्हणाली, “काय बोलू? एक सोडायचं त्याने वचन दिलंय, आणि दुसरं त्याला कुणी देत नाही.” लॉविनाने हे मला सांगितलं. मी ऐकून घेतलं.

क्रिस्ट बिशपही म्हातारे होत चालले होते. एका रविवारी जेवताना, भाकरीला शेंगदाण्याचं लोणी लावता लावता ते सहज म्हणाले, “दुसरं गाणं हल्ली लवकर संपतं, नाही?”  टोबायस बिटाची बशी पुढे सरकवत होता. तो म्हणाला, संपतं खरं. आणि बशी पुढे दिली. पुढच्या हिवाळ्यात क्रिस्ट वारले. मॅलन त्यांच्यानंतर दोन-तीन वर्षांनी.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मागल्या शरद ऋतूत प्रार्थना आमच्या कोठारात होती. इंडियानाहून पाहुणे आले होते, पेरी ग्रेबर नावाचे, आमच्याच वयाचे. पाहुण्याला वयाप्रमाणे टोबायसच्या उजव्या हाताला जागा मिळाली, जिथे पूर्वी मॅलन बसायचा. पाहुण्याचा मान म्हणून दुसरं गाणं त्यांनी घ्यावं असं पुढून कुणीतरी सुचवलं. पेरीने रीतीप्रमाणे मान हलवली आणि शेजारच्याला कोपर लावलं. त्यांना काय माहीत. टोबायसचा आवाज त्यांनी पहिल्या गाण्यात शेजारी ऐकला असेल आणि ओळखला असेल.

कोठारात एकदम कुणी हलेना. जे जाणते होते त्यांना कळलं काय होतंय. मला वाटलं, बरं झालं, जे आमच्यापैकी कुणाला जमलं नाही ते परक्या माणसाने केलं. टोबायसने मान हलवली. ते ठीकच होतं, पहिल्यांदा हलवायचीच असते. पेरीने पुन्हा कोपर लावलं. टोबायसने पुन्हा मान हलवली. पेरी गोंधळले, पण भला माणूस, त्यांनी तिसऱ्यांदा लावलं. टोबायसने नाही म्हटलं, आणि या वेळी तोंडाने म्हटलं. तीनदा नाही म्हणालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. शेवटी मागच्या बाकावरून मॅलनच्याच नातवाने गाणं उचललं.

जेवणं झाल्यावर टोबायस नेहमीप्रमाणे घोडे बघायला मागे गेला. मी त्याच्यामागून गेलो. मी असं कधी करत नाही. तो माझ्या घोडीचा पाय उचलून बघत होता.

मी म्हटलं, “त्याने तीनदा कोपर लावलं. घेतलं का नाहीस?”

“मोजत होतास होय?”

“शेजारीच बसलो होतो.”

त्याने पाय खाली सोडला आणि हात पँटला पुसले. “मी तोंड उघडलं असतं ना, तर लोणचं निघालं असतं.”

मला हसू आलं. मग त्याच्याकडे पाहिलं तर तो हसत नव्हता.

त्याने सांगितलं ते असं. गुडघ्यावर बसून उठल्यापासून ती चाल सुरू झाली की त्याच्या डोक्यात देवाचे शब्द आधी येत नाहीत. आधी लोणचं येतं, मग घोडा येतो, मग टोपी. त्यांना बाजूला सारून खरा शब्द आणेपर्यंत बाकीचे पुढे गेलेले असतात. सगळ्यांबरोबर म्हणताना ते खपून जातं, तो दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरावर त्यांना गाठतो. पण उचलणाऱ्याला पहिलं अक्षर एकट्याने काढावं लागतं. तिथे लपायला कुणाची पाठ नाही. आणि ज्या लोकांसमोर वचन दिलं त्याच लोकांसमोर ‘लो’ निघालं तर?

मी विचारलं, पूर्वी असं व्हायचं का? तो म्हणाला, छे. पूर्वी एक भट्टीवर असायचं, एक इथे. दोन्ही म्हटली जायची, पण एकमेकांच्या वाटेला जायची नाहीत. एकाला कोंडून घातलं, तर ते दुसऱ्याच्या घरात जाऊन बसलं.

“त्या पहिल्या रविवारी मॅलनने ढोसलं असतं तर निघालं असतं,” तो म्हणाला. “तेव्हा तोंडाला सवय होती. मी श्वास घेऊन बसलो होतो.”

मी त्याला मॅलनचं सगळं सांगितलं, दुधाच्या गाडीपाशी तो काय म्हणाला ते. इतक्या वर्षांनी.

“ठाऊक आहे मला. कुणी वाईट नव्हतं रे. वाईट असते तर भांडून तरी झालं असतं.”

मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, इथे कुणी नाही, घोडीच आहे, तर लोणच्याचंच म्हण एकदा. मला ते फार दिवसांत ऐकायला मिळालेलं नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलाकडे बघतात.

“ते सोडलंय मी,” तो म्हणाला. “गुडघ्यावर बसून सोडलंय.”

घोडी अस्वस्थ होऊन पाय आपटत होती. तो तिला ‘हं, हं’ म्हणत तिच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

मला यातून काही शहाणपण काढता येत नाही. आम्ही त्याला माफ केलं ते मनापासून केलं होतं, आणि तो विषय कधी काढला नाही तोही त्याच्या भल्यासाठी. त्याच भल्यापायी त्याच्याकडे दोन्ही गाणी राहिली नाहीत. चाल पुस्तकात नाही हे मी वर लिहिलंच आहे. तो ज्या तऱ्हेने पहिलं अक्षर वर न्यायचा ती तऱ्हा आता आमच्यापैकी कुणालाच येत नाही. मॅलनचा नातू चांगला गातो, पण तो मॅलनसारखा गातो.

टोबायस फेब्रुवारीत गेला. रात्री झोपला तो उठलाच नाही. आमच्याकडे अंत्यविधीला गात नाहीत, गाण्याचे शब्द नुसते वाचून दाखवतात. त्या दिवशी नव्या बिशपने ते शब्द सावकाश वाचले. चाल नव्हती. मी बाकावर बसून विचार करत होतो, की चालच नाही म्हटल्यावर आज तरी याला लोणचं मध्ये येणार नाही. असा विचार अशा वेळी यायला नको होता. माझ्या उजवीकडे जागा रिकामी राहिली होती असं नाही, सगळे एकेक सरकून बसले होते.

त्या अंत्यविधीच्या आधीच्या आठवड्यात मी त्याला शेवटचा भेटलो. आमच्या दारावरून त्याची बग्गी चालली होती, रस्त्यावर बर्फ होतं, म्हणून हळू चालली होती. त्याने लगाम ओढला, पण उतरला नाही.

“तुमच्याकडे सव्हिलाची सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी राहिलीय,” तो म्हणाला. “लॉविनाला सांग, पाठव म्हणावं.”

मी म्हटलं, आज भरूनच ठेवते ती, काल पेअरचा मुरंबा आटवत होती.

“भरू नका रे बाबांनो. तुम्ही भरून पाठवली की सव्हिला पुन्हा काहीतरी भरून पाठवणार, आणि ते उचलायचं कुणी? माझी पाठ बघ जरा. रिकामीच दे.”

“बरं,” मी म्हटलं. “रिकामी देतो.”